पोटाची गोळी

२०१३ सालच्या उन्हाळ्यात धुळ्यात आत्याचं औषध आणायला मी तीन मेडिकल फिरलो. आत्या तेव्हा ६७ वर्षांची. संधिवाताने हाताची बोटं वाकडी झालेली, सकाळी दुखण्याची गोळी घेतल्याशिवाय तव्यावरची भाकरी उलटता येत नसे, आणि वर्षानुवर्षं त्याच गोळ्या घेऊन पोटात जखम झालेली. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी चालू ठेवून जोडीला पोट सांभाळणारी दुसरी गोळी लिहून दिली होती. तिचं नाव मिसोप्रोस्टॉल. पहिल्या दुकानात ‘नाहीये’ एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्यात चिठ्ठी आत नेली आणि तशीच परत आणली. तिसऱ्या दुकानदाराने आवाज खाली आणून विचारलं, “पेशंट कोण आहे?” मी आत्याचं वय सांगितलं. तो म्हणाला, “वय काहीही असो दादा, ती गोळी आता आम्ही ठेवतच नाही. उद्या चौकशी आली तर कोणाकोणाला उत्तरं देत बसू?”

रिकाम्या हाताने घरी आलो. आत्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “पोटाचीच गोळी ना रे भाऊ ती?”

पोटाचीच. पण आपल्या भाषेत पोट हा शब्द मोठा आहे. जेवल्यावर भरतं तेही पोट आणि ज्यात बाळ वाढतं तेही पोट. पोटात आग पडते, पोटात कळ येते, पोटी लेक जन्मते. शरीरशास्त्र जठर आणि गर्भाशय असे दोन अवयव वेगळे मोजतं. या गोळीला मात्र तो फरक कळत नाही, आणि तिचा सगळा इतिहास त्यातूनच घडला आहे. त्या इतिहासाची दोन टोकं आमच्या खान्देशात भेटतात, म्हणून तो इथून सांगावासा वाटतो.

गोळी जन्मली ती जठरासाठीच. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. जठराच्या आतल्या अस्तरावर बुळबुळीत थर राखणं आणि आम्लाचा जोर आवरणं हे त्यांचं एक काम. १९७१ साली लंडनमध्ये जॉन वेन यांनी दाखवून दिलं की ॲस्पिरिन आणि तिच्या जातीची वेदनाशामकं ही द्रव्यं तयारच होऊ देत नाहीत. दुखणं त्यामुळे थांबतं आणि पोटाचं संरक्षणही त्यामुळेच जातं. रावेर-यावलच्या बागांमध्ये दिवसभर केळीचे घड खांद्यावर वाहून संध्याकाळी अंगदुखीची गोळी घेणाऱ्या माणसाच्या पोटात जे होतं, त्याचं उत्तर वेन यांच्या प्रयोगशाळेत मिळालं. त्या कामासाठी १९८२ साली त्यांना नोबेल मिळालं.

मग शरीरात कमी पडणारं द्रव्य गोळीतून बाहेरून देता येईल का? नैसर्गिक प्रोस्टाग्लँडिन तोंडाने दिलं तर पोटात टिकत नाही, रक्तात गेलं तर क्षणात मोडतं. १९७३ साली शिकागोजवळच्या स्कोकी गावी सर्ल कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूतला एक गट शेजारच्या कार्बनवर सरकवला आणि तिथे एक मिथाइल गट जोडला. एवढ्या बदलाने ते द्रव्य तोंडावाटे घेता येऊ लागलं. हेच मिसोप्रोस्टॉल, बाजारातलं पहिलं नाव सायटोटेक. आम्ल कमी करायचं, अस्तर जाड राखायचं, वेदनाशामकांची झळ पोटापर्यंत पोचू द्यायची नाही, हे काम त्याने चोख केलं. पुढे १९९५ साली संधिवाताच्या ८,८४३ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत दिसलं की ही गोळी जोडीला असली की पोटात रक्तस्राव होणं किंवा अल्सर फुटणं यांसारखे गंभीर प्रकार सुमारे ४० टक्क्यांनी घटतात. त्रासही होता. जुलाब लागायचे, पोटात मुरडा यायचा, आणि तेवढ्यासाठी अनेकांनी गोळी सोडून दिली.

या साऱ्या गोष्टीत १९८८ हे वर्ष मला पुन्हा पुन्हा भेटतं. त्या वर्षी सिमेटिडीन या अल्सरच्या औषधामागच्या संशोधनाचा वाटा धरून जेम्स ब्लॅक यांना नोबेल मिळालं. स्वीडनमध्ये ओमेप्राझोल बाजारात आलं. पित्ताची गोळी म्हणून आज आपण बहुतेक वेळा जे घेतो त्या घराण्याचा तो मूळपुरुष. डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मिसोप्रोस्टॉलला अल्सर टाळण्यासाठी मान्यता दिली. आणि त्याच १९८८ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा केला. या सगळ्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल. चोवीस वर्षांनी तो संबंध जोडला गेला, आणि तो आमच्याकडच्या मेडिकलच्या काउंटरवर येऊन थांबला.

ओमेप्राझोलने मिसोप्रोस्टॉलला पोटाच्या कामातून जवळजवळ घालवलं. तेवढाच गुण, जुलाबांचा त्रास नाही, मग कोण घेईल? शिवाय ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ पासून दाखवायला सुरुवात केली होती की बहुतेक अल्सरांच्या मुळाशी एक जंतू आहे आणि तो प्रतिजैविकांनी मरतो. पोटासाठी निघालेली ही गोळी पोटाच्या बाजारात फार टिकली नसती. तिला तगवलं तिच्या खोक्यावरच्या इशाऱ्याने. गरोदर बाईने घेऊ नये, असा तो इशारा होता.

ब्राझीलमध्ये ती १९८६ साली आली. तिथे गर्भपाताला कायद्याची परवानगी जवळजवळ नव्हती. बायकांनी तो इशारा वाचला आणि त्याचा अर्थ ओळखला. एकीने दुसरीला सांगितलं, दुकानदाराने तिसरीला. काही वर्षांत तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की काड्या, सळ्या, विषारी काढे यांनी जंतुसंसर्ग होऊन मरणपंथाला लागलेल्या बायका पूर्वीइतक्या येत नाहीत. रक्तस्राव घेऊन येतात, पण वाचतात. १९९१ साली सरकारने विक्रीवर बंधनं घातली. दुसरी बाजूही लपवून चालणार नाही. गोळी घेऊनही गर्भ राहिला तर काही बाळांमध्ये व्यंगं आढळली. चेहऱ्याचे स्नायू न हलणारा मोबियस सिंड्रोम हे त्यातलं ठळक. कंपनीने या उपयोगाला कधीच आपलं म्हटलं नाही. ऑगस्ट २००० मध्ये तिने अमेरिकेतल्या डॉक्टरांना पत्र पाठवून गरोदर स्त्रियांना ही गोळी देऊ नका असं बजावलं.

आता आमच्याकडचं. माझं आजोळ चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आजी गावातल्या सुईणीबरोबर बाळंतपणांना जायची. तिने सांगितलेली एक रात्र मी विसरलेलो नाही. बाळ झालं, रडलं, वारही पडली, आणि मग अंगावरून जाणं थांबेचना. सुईणीने पोट चोळलं, बाळाला अंगावर लावलं, नवसही बोलून झाले. आजी जुन्या लुगड्याची फडकी फाडून देत होती आणि मनात मोजत होती. अकरा फडकी झाली. बैलगाडी जुंपेपर्यंत बाई थंड पडली. “रक्त दिसत होतं गं बाई,” आजी माझ्या आईला सांगायची, “पण किती गेलं ते कळत नव्हतं.”

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात हेच घात करतं. दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्यांच्याभोवती आडव्यातिडव्या विणलेले गर्भाशयाचे स्नायू आवळले की त्या वाहिन्या पिळल्या जाऊन बंद होतात. स्नायू ढिले राहिले तर बाई तासा-दोन तासांत जाते. त्यांना आवळायला लावणारं सर्वांत चांगलं औषध म्हणजे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं आणि टोचायला शिकलेला हात लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. शिरपूर तालुक्यात बोराडीच्या वरचे पाडे, चोपड्याकडचं वैजापूर, रावेरचं पाल, आणि १९९८ साली धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबारचे अक्राणी-अक्कलकुव्याचे डोंगर. या भागात बाई अडली की बांबूला झोळी बांधून तिला रस्त्यापर्यंत आणण्याची वेळ आजही येते. नर्मदेच्या फुगवट्याकाठी तर तरंगता दवाखाना चालवावा लागला. तिथे थंड पेटीतलं इंजेक्शन वेळेवर पोचवणं म्हणजे काय असतं, ते वेगळं सांगायला नको.

मिसोप्रोस्टॉल तोंडाने घेता येतं, त्याला फ्रीज लागत नाही, किंमतही किरकोळ. आणि गर्भाशय आवळणं, म्हणजे खोक्यावर ज्याची भीती घातली होती तोच गुण, इथे हवा होता. जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत १८,००० हून जास्त स्त्रियांवर त्याची ऑक्सिटोसिनशी तुलना केली. २००१ साली निष्कर्ष आला: रुग्णालयात इंजेक्शनच सरस. पण इंजेक्शन पोचतच नाही तिथलं काय, हा प्रश्न उरला. त्याचं उत्तर बेळगाव जिल्ह्याने दिलं. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे भालचंद्र कोडकणी, शिवप्रसाद गौडर आणि त्यांचे सहकारी, अमेरिकेतले रिचर्ड डर्मन यांच्याबरोबर, खेड्यांत गेले. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात १,६२० बाळंतिणींना नर्सबाईंनी बाळ होताच गोळ्या दिल्या. निम्म्यांना मिसोप्रोस्टॉल, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या. कुणाला कोणती ते नर्सबाईलाही माहीत नव्हतं. डॉक्टर नाही, शस्त्रक्रियेची खोली नाही, घर किंवा उपकेंद्र.

रक्त मोजायचं कसं? त्यासाठी त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकचं एक कापड वापरलं. बाळ झाल्याबरोबर ते बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायचं, वरच्या नाड्या पोटावर बांधायच्या. खालचं टोक नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं आणि त्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात. रक्त तिथे साठतं आणि खुणेवर आकडा दिसतो. याच बेळगावात ते कापड आणि नुसत्या डोळ्यांचा अंदाज यांची तुलना केली गेली, तेव्हा नजरेचा अंदाज ३३ टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे शिकलेली, सरावलेली नजरसुद्धा तीन वाट्यांपैकी एक वाटी रक्त पाहत नाही. आजीची अकरा फडकी मला तिथे पुन्हा आठवली.

ऑक्टोबर २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ने निकाल छापला. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्तस्राव साध्या गोळ्या मिळालेल्यांत १२ टक्के, मिसोप्रोस्टॉल मिळालेल्यांत ६.४ टक्के. एक लिटर आणि पुढचा, म्हणजे जिवावरचा, १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यावर. दर १८ बायकांना गोळ्या दिल्या की एकीचा रक्तस्राव टळत होता. त्रास झाला तो हुडहुडी भरण्याचा आणि तापाचा. अंगावर गोधडी घालून बाई कुडकुडायची, घरचे घाबरायचे, आणि थोड्या वेळाने ते ओसरायचं. हा सीमाभागातला जिल्हा मराठी वर्तमानपत्रांत कायम येतो, वादासाठी येतो. तिथल्या नर्सबाईंनी खेड्यातल्या घरी जाऊन, गुडघे टेकून, कंदिलाच्या किंवा बल्बच्या उजेडात त्या खुणा वाचल्या आणि जगाच्या औषधांच्या यादीत भर घातली, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांत जागा दिली.

नेमकी त्याच वर्षी जनगणना झाली. जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली ८४२. दहा वर्षांपूर्वी त्या ८८० होत्या. शेजारच्या नंदुरबारात, जिथे रस्ते कमी आणि सोनोग्राफी यंत्रंही कमी, तिथे ९४४. तापीकाठच्या सुपीक, सधन पट्ट्याने आपल्या लेकी गमावल्या आणि डोंगरातल्या पावरा-भिल्लांनी त्या राखल्या. आम्हा खान्देशी माणसांना हा आकडा वाचताना मान खाली घालावी लागते, आणि लागायलाच हवी. पुढच्या वर्षी, मे २०१२ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या परळीत डॉ. सुदाम मुंडे याच्या रुग्णालयात गर्भपाताच्या वेळी एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि राज्य हादरलं. २०१९ साली न्यायालयाने त्याला दोषी ठरवून शिक्षा दिली. पण २०१२ च्या त्या संतापात सरकारचं लक्ष गोळ्यांकडे वळलं. अन्न व औषध प्रशासनाने, आयुक्त महेश झगडे यांच्या काळात, राज्यभर औषध दुकानं तपासली. गर्भपाताच्या गोळ्यांचा हिशेब, चिठ्ठ्या, पावत्या मागितल्या. चिठ्ठीशिवाय ही औषधं विकणारे होतेच, त्यांना चाप बसणं योग्यच होतं. झालं असं की प्रामाणिक दुकानदारांनीही ती कटकट नको म्हणून माल मागवणं सोडलं.

इथे एक साधा हिशेब समजून घ्यायला हवा. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल मिळून जी गर्भपाताची पेटी २००८ पासून भारतात मिळते, ती नऊ आठवड्यांपर्यंतच वापरायची असते. सोनोग्राफीत लिंग सांगता येतं ते तिसरा महिना संपताना किंवा त्यानंतर. म्हणजे या पेटीने मुलगी म्हणून गर्भ पाडणं वेळेच्या गणितातच बसत नाही. नुसतं मिसोप्रोस्टॉल पुढच्या महिन्यांतही वापरता येतं, त्यामुळे अधिकाऱ्यांची शंका अगदीच निराधार होती असं मी म्हणणार नाही. पण लिंगनिदान गोळी करत नाही. ते यंत्रापाशी बसलेला माणूस करतो आणि घरात बसलेली माणसं ते मागतात. १९७१ च्या कायद्याने बाईला गर्भपाताचा जो सुरक्षित मार्ग दिला, ज्याची शिफारस महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीने १९६६ साली केली होती, तो मार्ग लेक वाचवण्याच्या नावाखाली अरुंद झाला. मला ही मोठी चूक वाटते. तालुक्याच्या गावी गोळी मिळाली नाही म्हणून बाईची गरज संपत नाही. ती उशिरा आणि जास्त धोक्याच्या ठिकाणी जाते.

धोकेही स्पष्ट लिहायला हवेत, कारण गोळी स्वस्त आहे आणि सल्ला फुकट मिळतो. आधी सिझेरियन झालेल्या बाईला कळा आणण्यासाठी बेताल मात्रा दिली तर गर्भाशय जुन्या टाक्यांवर फाटू शकतं. मात्रा वाढली तर ताप धोकादायक पातळीवर चढतो. गर्भ नळीत असेल तर गोळीने उपाय होत नाही आणि बाई आतल्या आत रक्तस्राव होऊन दगावू शकते. अर्धवट गर्भपात झाला तर गाठायला दवाखाना जवळ लागतो. म्हणून मोजून देणारं, तपासणारं, दुसऱ्या दिवशी विचारपूस करणारं माणूस लागतं. बेळगावात ते नर्सबाईच्या रूपाने होतं.

२०१३ साली, आत्यासाठी मी तीन मेडिकल फिरत होतो त्याच वर्षी, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एक मार्गदर्शिका काढली. जिथे घरची बाळंतपणं अजून होतात तिथे एएनएम आणि आशाताईंनी गरोदर बाईच्या घरी मिसोप्रोस्टॉलच्या तीन गोळ्या आधीच पोचवाव्यात, बाळ होताच त्या घ्यायच्या असं तिला आणि घरच्यांना समजावून सांगावं, असं त्यात म्हटलं होतं. एक सरकारी हात ही गोळी पाड्यावर नेऊ पाहत होता आणि दुसऱ्याच्या धाकाने ती तालुक्याच्या फळीवरून उतरली होती. आत्याला डॉक्टरांनी शेवटी पित्ताची दुसरी गोळी लिहून दिली. तिचं भागलं.

महाराष्ट्रात २००५-०६ साली दवाखान्यात होणारी बाळंतपणं ६४.६ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ती ९४.७ टक्क्यांवर गेली. लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू १३० होते, ते २०१८-२० पर्यंत ३३ वर आले. यात रस्ते, १०८ ची गाडी, आशाताईंची पायपीट, रक्तपेढ्या, सगळ्यांचा वाटा आहे. बेळगावातल्या त्या खुणांच्या प्लॅस्टिकच्या कापडाची कल्पनाही लांब गेली. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत रक्त मोजायला तसंच कापड वापरलं आणि ठरलेले उपचार एकदमच सुरू केले, तर गंभीर रक्तस्राव, त्यावरची शस्त्रक्रिया आणि मृत्यू मिळून ६० टक्क्यांनी कमी होतात, हे मे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं.

उरलेली घरची बाळंतपणं जिथे आहेत, तिथे अजून झोळी आहे. आणि दवाखान्यातही मे महिन्यात वीज जाते, फ्रीज गरम होतो, इंजेक्शनचा भरवसा उरत नाही. तेव्हा प्रसूतिकक्षाच्या ट्रेमध्ये ॲल्युमिनियमच्या पाकिटात या गोळ्या असाव्या लागतात. पाकीट ॲल्युमिनियमचंच हवं, साधं प्लॅस्टिकचं चालत नाही. ऊन ही गोळी सोसते, ओल सोसत नाही. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर सातपुड्याच्या उपकेंद्रात भिंतींना ओल धरते, म्हणून तिथली नर्सबाई ते पाकीट गोळी देण्याच्या क्षणापर्यंत फोडत नाही.